पत्ता विकत, जागा फुकट: ब्लॉगची व्यवस्था ठरवताना आलेला अनुभव

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची फुटांत विचारत नाही. पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला की छातीला, एवढेच विचारतो. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांच्या पुरांची छायाचित्रे, त्यांवरची टिपणे आणि पंचवटीतील व जुन्या पेठांतील ज्येष्ठांनी सांगितलेल्या आठवणी माझ्याकडे बऱ्याच साठल्या होत्या. हा सारा ऐवज तारीखवार मांडण्यासाठी ब्लॉग काढायचे ठरवले, तेव्हा लिहिण्याआधीच एक प्रश्न पुढे आला. ब्लॉग एखाद्या फुकट सेवेवर ठेवावा, की स्वतःचे होस्टिंग (सर्व्हरवरची भाड्याची जागा) घेऊन त्यावर वर्डप्रेस बसवावे?

फुकट पर्यायांत ठळक दोन होते. ब्लॉगर ही सेवा १९९९ पासून चालू आहे आणि २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली. दुसरा पर्याय वर्डप्रेस डॉट कॉमचा. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. वर्डप्रेस ही २००३ पासून सर्वांना मोकळी असलेली आज्ञावली आहे आणि ती कोणीही कोणत्याही सर्व्हरवर बसवू शकतो. वर्डप्रेस डॉट कॉम मात्र त्याच आज्ञावलीवर चालणारी एका कंपनीची सेवा आहे. तिच्या फुकट योजनेत जागा १ जीबी मिळते, पानांवर जाहिराती कंपनीच्या दिसतात आणि स्वतःचे डोमेन (आपल्या नावाचा संकेतस्थळाचा पत्ता) जोडायचे तर पैसे भरावे लागतात. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सहज चार-पाच एमबीचे असते, हे लक्षात घेतले तर पुराच्या संग्रहाला १ जीबी कितपत पुरणार हे उघड होते. हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला.

ब्लॉगरबद्दल माझ्या मनात धाकधूक होती ती वेगळ्या कारणाने. २०१२ पासून भारतातील वाचकाने ब्लॉगरवरील ब्लॉगचा ब्लॉगस्पॉट डॉट कॉम असा पत्ता उघडला की तो आपोआप ब्लॉगस्पॉट डॉट इन या पत्त्यावर नेला जाई. लोकांनी साहजिकच तोच पत्ता उचलून जागोजागी दुवे दिले. पुढे २०२० मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेनच गूगलच्या हातून गेले आणि ते सगळे दुवे निकामी झाले. मूळ लेख डॉट कॉमवर शाबूत होते, पण जुन्या दुव्यावरून येणाऱ्या वाचकाला ते कसे कळावे? एवढ्या मोठ्या कंपनीच्या नावाखालचा पत्ताही आपला नसतो, हे यातून स्पष्ट झाले आणि माझा पहिला निर्णय होस्टिंगच्याही आधी झाला: डोमेन स्वतःच्या नावावर घ्यायचे. ते डॉट इनमध्ये घेतले. २०१४ पासून देवनागरीतील डॉट भारतही मिळते आणि मनाचा ओढा तिकडे होता, परंतु फोनवर पत्ता सांगताना आणि इतरांनी तो टंकताना डॉट इन सोयीचे, असे वाटून मोह आवरला.

पत्ता आपला झाल्यावर मागची जागा केव्हाही बदलता येते, त्यामुळे फुकट की स्वतःचे होस्टिंग या प्रश्नाची धार थोडी बोथट झाली. तरी निवड करायची होतीच. पैसे भरण्यापूर्वी मी घरच्या संगणकावर वर्डप्रेस बसवून पाहिले आणि ब्लॉगरवरही एक खासगी ब्लॉग उघडून दोन्हीकडे तोच लेख टाकला. लेखाचे शीर्षक होते ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलेले पाणी’. वर्डप्रेसने शीर्षकावरून तयार केलेला दुवा ‘दुतोंड्या-मारुतीच्या-कमर’ येथेच तुटला. कारण असे की दुव्याच्या या भागाला वर्डप्रेस २०० वर्णांची मर्यादा ठेवते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा किंवा अनुस्वार संकेतात उतरताना नऊ वर्ण खातो. म्हणजे मराठी शीर्षकाची जेमतेम बावीस चिन्हे मावतात. (पाण्यासारखा दुवाही बरोबर कमरेपर्यंतच पोहोचला!) शिवाय हाच दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग उमटते. ब्लॉगरची तऱ्हा उलटी आहे. ते मराठी अक्षरे दुव्यात घेतच नाही. वर्ष आणि महिना लिहून पुढे ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढेच ठेवते आणि त्याच महिन्यातील पुढच्या मराठी लेखाला त्याच नावामागे आकडे लावते. दोन्हीकडे उपाय एकच निघाला: प्रसिद्ध करण्यापूर्वी दुवा स्वतः रोमन अक्षरांत लिहायचा. या कसोटीवर, थोडक्यात, कोणीच वरचढ ठरले नाही.

खरा फरक गर्दीच्या दिवशी पडणार होता. माझ्या विषयाला वर्षभर तुरळक वाचक असणार. पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि रामकुंडावर पाणी चढू लागले की त्या दोन-तीन तासांत सगळे एकदम येणार. साध्या शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर अनेकांची संकेतस्थळे असतात आणि प्रत्येकाला एका वेळी किती काम करून घेता येईल यावर बंधन असते. ते ओलांडले की वाचकाला लेखाऐवजी ५०३ किंवा ५०८ असा त्रुटीचा आकडा दिसतो. कॅशिंगचे प्लगइन (तयार पाने साठवून ठेवणारी जोड-आज्ञावली) बसवून हा भार बराच हलका करता येतो, हे खरे. पण ते नीट बसले आहे की नाही हे ऐन पुराच्या दिवशीच कळणार, ही गोष्ट मला रुचली नाही. ब्लॉगरवर ती चिंता गूगलची.

खर्चाचा हिशेबही मांडला. एका होस्टिंग कंपनीच्या जाहिरातीतील मासिक दर आकर्षक होता, मात्र तो तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरल्यास आणि पहिल्या मुदतीपुरताच लागू होता. नूतनीकरणाचा दर दुपटीहून अधिक होता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. फोनवरील गृहस्थांना मी नूतनीकरणाबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “सर, तोपर्यंत नवी ऑफर येईलच.” पुण्यात याच क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या भाच्याने मात्र पैशांपेक्षा अवघड प्रश्न विचारला: “मामा, तुम्ही वर्षभर लक्ष दिले नाही, तर कोणता ब्लॉग टिकेल?” स्वतःच्या होस्टिंगचे पैसे चुकले की काही काळाने मजकूरच पुसला जातो, आणि प्लगइन अद्ययावत ठेवली नाहीत तर घुसखोरांना वाट मोकळी होते. ब्लॉगरवर डोमेनची मुदत संपली तरी लेख जागेवर राहतात. फक्त सेटिंगमधून ते डोमेन काढावे लागते, अन्यथा ब्लॉगस्पॉटचा पत्ताही वाचकाला त्या बंद डोमेनकडेच पाठवत राहतो. पुराच्या नोंदी माझ्यामागेही राहाव्यात अशी इच्छा असल्याने हा मुद्दा मला निर्णायक वाटला.

म्हणून डोमेन विकत घेतले आणि जागा ब्लॉगरची ठेवली. जोडणी करताना ब्लॉगर दोन सीनेम नोंदी (एक पत्ता दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या नोंदी) देते. पहिली डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी आणि दुसरी मालकी पटवण्यासाठी. डोमेनच्या पॅनेलमध्ये नावाच्या रकान्यात पूर्ण पत्ता न लिहिता केवळ पहिला भाग लिहायचा असतो, कारण उरलेला पत्ता पॅनेल स्वतः जोडते. नोंदी सर्वत्र पोहोचायला वेळ लागतो, तोवर ब्लॉगर त्रुटी दाखवत राहते. त्याने घाबरून नोंदी पुन्हा पुन्हा बदलू नयेत. त्यानंतर एचटीटीपीएस (वाचक आणि संकेतस्थळ यांतील सुरक्षित जोडणी) चालू केले, त्याचे प्रमाणपत्र ब्लॉगरच फुकट देते.

या निवडीत काही गोष्टी सोडाव्या लागल्या. पुरांचा नकाशा आणि वर्षवार शोध वर्डप्रेसच्या प्लगइनने सहज झाला असता. येथे लेखांना लावलेल्या लेबलांवर भागवतो. ब्लॉगरमधून मिळालेल्या बॅकअपच्या फाइलमध्ये लेख होते पण छायाचित्रे नव्हती, त्यामुळे मूळ छायाचित्रे वर्षवार फोल्डरांत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली आहेत आणि फाइलचे नाव व लेखाचा दुवा एकच ठेवला आहे. सलग दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केल्यामुळे खाते निष्क्रिय झाल्यास कोणाला कळवावे, या रकान्यात भाच्याचा ईमेल पत्ता भरला आणि डोमेनचे नूतनीकरण कधी व कोठे करायचे हेही त्याला लिहून दिले.