दुरेघी, चाररेघी आणि कोरी पानं : आमची वाटचाल

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक नुसती वही कधी मागत नाही. 'दुरेघी शंभर पानी दोन डझन' किंवा 'चौकटी दोनशे पानी' असं मागतं. १९८६ साली अण्णांनी मिरजेत पत्र्याच्या शेडमध्ये वहीच्या कागदावर रेघा आखायचं जुनं रूलिंग मशीन बसवलं. तेव्हापासून शाळेत काय चाललंय हे आम्हाला रेघेवरून कळत आलंय. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून धंद्यात आलोय.

मराठी अक्षर दोन रेघांत बसतं, शिरोरेघ वरच्या रेघेला टेकवली की झालं. इंग्रजी 'जी'ला खाली शेपूट, 'डी'ला वर काठी, म्हणून तिथे चार रेघा. आमच्या मशीनवर हा फरक म्हणजे पितळी चकत्यांची मांडणी. एक रेघ बदलायची तर चकत्या सोडवा, अंतर मोजून पुन्हा बसवा, शाईचं फडकं बदला, वीस-पंचवीस कागद वाया घालवा. अर्धा दिवस जातो. त्यामुळे कुठली रेघ किती काढायची हे फेब्रुवारीतच ठरवावं लागतं.

अण्णांचा अंदाज सहसा चुकत नसे, पण २००० साली चुकला. त्या जूनपासून राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. अण्णा म्हणाले, "पहिलीची पोरं नुसती गाणी म्हणतील, लिहायचं कुठं एवढ्यात?" पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होतं. पालकांचं गणित मात्र वेगळं निघालं. पोराला ए-बी-सी-डी लिहिताना बघायचंच होतं प्रत्येकाला. जुलैत दुकानदार चाररेघी मागायला लागले आणि आमच्याकडे दुरेघीचे गठ्ठे कडीपर्यंत रचलेले. दोन जुनी गिऱ्हाइकं त्या महिन्यात कोल्हापूरच्या मालाकडे गेली, ती आजतागायत तिकडेच आहेत.

पुढे सेमी इंग्रजी पसरलं, गणित-विज्ञानाच्या वह्यांवर विषयाचं नाव इंग्रजीत छापायला लागलो. मग आल्या स्वतःच्या नावाच्या वह्या मागणाऱ्या शाळा. त्यातल्या एका शाळेने आम्हाला चांगलाच धडा दिला. तीन हजार वह्या, रंगीत कव्हर, मागे संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो. माल तयार झाला आणि संस्थेत निवडणूक होऊन अध्यक्ष बदलले. नव्या मंडळींनी तो फोटो असलेला माल घ्यायला साफ नकार दिला. लेखी ऑर्डर होती, पण कोर्टात जाणार कोण? घरातल्या आणि गल्लीतल्या पोरांनी दोन वर्षं त्या माजी अध्यक्षांच्या पाठीवर शुद्धलेखन केलं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कुणाचा फोटो छापत नाही.

२०२० चं काय सांगायचं. मार्चमध्ये गोदाम भरलेलं, शाळा बंद, आणि पावसाळ्यात एका कोपऱ्याला वाळवी. मोबाइलवरच्या शाळेला वही लागत नाही हे बँकेला पटवता येत नाही, हप्ता चालूच होता. ते सावरतोय तोवर कागद महागला. चीनने १ जानेवारी २०२१ पासून बाहेरची रद्दी घेणं बंद केलं. तिथल्या गिरण्यांना लगदा आणि खोक्याचा कागद बाहेरून लागायला लागला आणि आपल्याकडच्या काही गिरण्या तो पुरवायला लागल्या. पुढच्या वर्षी कोळसा भडकला. चीनमध्ये कुणी काही ठरवतं आणि आमच्या चिठ्ठीवर रिमेचा भाव बदलतो. जागतिकीकरण म्हणजे काय ते मला त्या चिठ्ठीवर समजलं.

२०२३-२४ ला बालभारतीने पुस्तकातच नोंदीसाठी कोरी पानं घातली, दप्तर हलकं व्हावं म्हणून. हेतू चांगला होता, आमची विक्री मात्र बसली. २०२५-२६ पासून तो निर्णय मागे घेतला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये वहीवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला. लोकांनी पेढे मागितले, पण वहीच करमुक्त झाल्यावर कव्हरचा कागद, शाई, तार यांवर भरलेला कर आता वळता करून मिळत नाही.

हे सगळे धक्के सोसता येतात. मला खरी काळजी लागली ती रद्दीवाल्याकडे. दरवर्षी मे महिन्यात मी त्याच्या दुकानात जाऊन आमच्या छापाच्या वापरलेल्या वह्या वेगळ्या काढून घेतो. शिलाई कुठे सुटली, शाई मागच्या पानावर फुटली का, हे बघायला. बायको म्हणते, लोक रद्दी विकतात, आमचे हे विकत आणतात. पूर्वी अशा वह्या शेवटच्या पानापर्यंत भरलेल्या असत, मलपृष्ठाच्या आत फुली-गोळ्याचे डाव. आता शंभर पानीतली पस्तीस-चाळीस पानं भरलेली, पुढे कोरी. मागच्या मेमध्ये एक सातवीची विज्ञानाची वही मिळाली. पहिल्या पानावर निगुतीने आखलेली अनुक्रमणिका, अक्षर देखणं. सगळे प्रश्न इंग्रजीत, उत्तरं इंग्रजीत, एकही खाडाखोड नाही. फळ्यावरून उतरवलेलं. एका ठिकाणी मात्र समासाच्या लाल रेघेबाहेर पेन्सिलीने बारीक लिहिलेलं : 'म्हणजे झाडाचं श्वास घेणं'. अख्ख्या वहीत पोराचं स्वतःचं तेवढंच वाक्य होतं.

अकरावी-बारावीवाल्यांच्या वह्या तर रद्दीत येतच नाहीत. नीट-जेईईच्या क्लासची छापील मोड्यूलं येतात, गोल काळे केलेली. मोबाइलने वही मारली असं आमच्या धंद्यातले सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. प्राथमिक शाळांतही आता रिकाम्या जागा भरायची वर्कबुकं आहेत. पूर्ण वाक्य लिहायची पाळीच पोरावर येत नाही, मग वही भरणार कशी? स्वीडनने २०२३ मध्ये शाळांतल्या छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे ठेवले. त्यांचं पडद्यावर शिकून झालं, आता परत फिरतायत. आपण अजून निघतोय.

गेल्या डिसेंबरात गल्लीतल्या काकूंचा अमेरिकेतला मुलगा चाळीस दुरेघी वह्या घेऊन गेला. तिकडे रविवारच्या मराठी शाळेत शिकवतो. तिथल्या वहीवर मुलांचं अक्षर रेघेवर उभं राहतं, लोंबत नाही, असं त्याचं म्हणणं. पैसे घेतले मी, धंदा आहे. चार वह्या वर दिल्या.

फेब्रुवारी आलाय. मुलगी हिशेब बघते आता, तिने चाररेघीच्या १२० आणि दुरेघीच्या ५० रिमा लिहिल्यात. मी दुरेघीच्या ७० केल्या. तिने विचारलं, "कशावरून?" मी त्या सातवीच्या वहीचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, "बाबा, हे एका पोराचं झालं." आकडा ६० वर मिटला.