कपाटातून पटावर

शनिवार

नॉटिंगहॅममध्ये राहणाऱ्याला पटावरच्या युद्धखेळांची जुनी मिनिएचर, म्हणजे सोंगट्यांसारख्या छोट्या मूर्ती, शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रायन ॲन्सेल यांनी गेम्स वर्कशॉप या खेळांच्या कंपनीच्या साथीने जवळच्याच नेवर्क-ऑन-ट्रेंट येथे सिटाडेल मिनिएचर्स हा ओतकामाचा कारखाना काढला, पुढे गेम्स वर्कशॉपचे बिऱ्हाडच लंडनहून इकडे आले, आणि तिथे हात तयार झालेल्या मूर्तिकारांपैकी अनेकांनी आसपास आपापल्या कंपन्या थाटल्या. या भागाला छंदी मंडळी 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात ते उगाच नाही. साहजिकच इथल्या पोटमाळ्यांवर आणि गॅरेजांमध्ये त्या काळातल्या मुलांच्या पलटणी अजून पडून आहेत, आणि घरे रिकामी होऊ लागली की त्या जुन्या बाजारात येतात.

आज हाती लागलेल्या ऐवजात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे १९८९ चा 'हिरोक्वेस्ट' हा पटखेळ, ज्यात चार वीर दुष्ट जादूगाराच्या राक्षसांशी लढतात. मिल्टन ब्रॅडली आणि गेम्स वर्कशॉप यांनी मिळून काढलेल्या या खेळाची रचना स्टीफन बेकर यांची होती, आणि त्यात प्लास्टिकच्या ३५ मूर्ती असत. माझ्या खोक्यात त्या बहुतेक आहेत; सांगाड्यांच्या हातातील विळे मोडले आहेत आणि कपाटांवर बसवायचे इवलेसे उंदीर व कवट्या गायब आहेत, पण या वयाच्या प्रतीत हे इतके नेहमीचे आहे की त्याचे वाईट वाटण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट म्हणजे काचेचे झाकण असलेली ओक लाकडाची एक देखणी पेटी. कोणीतरी मोठ्या मायेने तिच्यात शिशाच्या मूर्ती ओळीने मांडून ठेवल्या होत्या, आणि त्या मायेनेच मूर्तींचा घात केला आहे.

भिंगाखाली पाहिले तर बुटक्यांच्या दाढीत आणि ढालींच्या कडांना पांढरी भुकटी फुटलेली दिसते. ती धूळ समजून फुंकर मारण्याचा मोह कोणालाही होईल, पण तो आवरायला हवा, कारण ती विषारी आहे. ओकच्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ अतिशय मंद गतीने पण वर्षानुवर्षे निघत राहते. बंद पेटीत ती कोंडली की शिशावर चढते, त्यातून लेड ॲसिटेट तयार होते, आणि हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड यांच्या संगतीने त्याचे शिशाच्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. या शेवटच्या पायरीवर आम्ल पुन्हा मोकळे होते आणि नव्या शिशाला भिडते, म्हणून एकदा लागलेली ही कीड आपोआप थांबत नाही. गंमत अशी की युरोपातील चित्रकारांचा शिशाचा सफेदा कित्येक शतके नेमका याच क्रियेने बनवला जात असे: मडक्यात व्हिनेगर, त्यावर शिशाच्या पट्ट्या आणि भोवती उबेसाठी घोड्याची लीद. त्या काळचे कारखानदार जे मुद्दाम घडवून आणत, तेच या काचेच्या झाकणाखाली फुकट घडले आहे.

सगळ्या मूर्तींना ही लागण झालेली नाही. मिश्रधातूत कथलाचे प्रमाण जास्त असेल तर मूर्ती बरीच तग धरते, आणि १९९० च्या दशकात शिसे वगळून ओतल्या जाऊ लागलेल्या मूर्तींचा तर प्रश्नच नाही. म्हणून आधी वर्गवारी केली. अनेक मूर्तींच्या पायाखालच्या पट्टीवर कारखान्याचे नाव आणि साल ओतलेले असते, त्यामुळे काम सोपे झाले. खराब झालेल्या मूर्ती हातमोजे घालून, ओल्याच ठेवून, जुन्या दातब्रशने साफ केल्या. कोरडे घासकाम मुळीच नाही आणि स्वयंपाकघरात तर नाहीच नाही. काहीजण अशा मूर्ती व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतात. भुकटी त्यात विरघळते हे खरे, पण ज्या आम्लाने रोग आणला त्याच्याच आंघोळीने तो बरा करण्याची कल्पना मला पटत नाही.

ओकची पेटी बटणे आणि दोरे ठेवायला उत्तम आहे.

सोमवार

आज रंग काढण्याचे काम. इंग्लंडमधील या छंदात जुना रंग उतरवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या डेटॉल वापरले जाते, हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा थट्टाच वाटली होती. डेटॉलमध्ये पाइनचे तेल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. त्यात दिवसभर बुडवलेल्या मूर्तीवरचा रंग, मग तो ॲक्रिलिक असो वा हंब्रोल कंपनीचा इनॅमल, सालीसारखा सुटू लागतो. नियम एकच, पण तो मोडून चालत नाही: ब्रशने घासणे आणि पहिले खळबळणे डेटॉलमध्येच करायचे, पाण्यात नाही. पाणी लागताच सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो मूर्तीच्या सगळ्या खाचांत जाऊन बसतो. ॲसिटोन धातूवर वापरता येते, प्लास्टिकवर मात्र नाही, कारण पॉलिस्टायरीन त्यात चक्क विरघळते.

पुण्याहून आलेल्या सासूबाई घरभर पसरलेल्या वासाने घाबऱ्या होऊन खाली आल्या. "अगं, कोणाला लागलं का?" बरणीच्या तळाशी पडलेले ऑर्क, म्हणजे खेळातले राक्षस, दाखवल्यावर त्यांनी एवढेच म्हटले की, एवढ्या डेटॉलमध्ये आख्खा वॉर्ड पुसून निघाला असता.

रंग सगळ्यांचाच काढायचा का, हा खरा प्रश्न आहे आणि मला तो दरवेळी पडतो. पुनरुज्जीवन म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवशीची स्थिती, असे मानणारे संग्राहक सरसकट उघड्या धातूपर्यंत जातात. बाजारभावाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर असेलही. पण प्लास्टिकचा रानटी योद्धा पाहताना मला तसे करवत नाही. कोणा मुलाने त्याला इनॅमलचा जाड लाल कमरपट्टा दिला आहे, डोळ्यांचे पांढरे ठिपके गालांवर ओघळले आहेत, आणि बैठकीच्या खाली टाचणीने दोन आद्याक्षरे कोरली आहेत. हा रंगही त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे. शेवटी एक फरक केला. जिथे जाड रंगाने मूर्तिकाराचे काम बुजले आहे आणि ज्या मूर्ती कोणी अर्धवट सोडल्या आहेत, तिथे रंग उतरवायचा. जी मूर्ती कोणी मनापासून पुरी केली आहे, ती कशीही दिसत असो, तिला फक्त कोमट पाणी, मऊ ब्रश आणि वर वॉर्निशचा हात. रानटी योद्धा जसा आहे तसाच राहील.

गुरुवार

संध्याकाळी गॉब्लिन आणि ऑर्क रंगवले. हिरोक्वेस्टच्या मूर्ती रंगवताना एक गोष्ट नवशिके सहसा लक्षात घेत नाहीत: मुळातील एकरंगी प्लास्टिक ही केवळ काटकसर नाही, ती खेळाची माहितीही आहे. वीर लाल; राक्षसांपैकी गॉब्लिन, ऑर्क आणि फिमिर हिरवे; सांगाडे, झोंबी व ममी पांढरे; केऑसचे योद्धे आणि गार्गॉइल करडे. चार माणसे टेबलाभोवती बसलेली असताना पलीकडच्या कोपऱ्यातील सोंगटी कोणत्या गटाची आहे, हे क्षणात कळावे लागते. म्हणून कातडीचा, चिलखताचा किंवा हाडांचा मुख्य रंग त्याच कुळातला ठेवते आणि हौस करायची ती पट्टे, फडकी व बैठकी यांवर.

पद्धत जुनीच. करडा प्रायमर, त्यावर सपाट रंग, मग पातळ तपकिरी वॉश, जो खाचांत उतरून आपोआप सावल्या पाडतो. तो पूर्ण वाळला की जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका हात. कडा उजळण्यापुरता कोलिन्स्की सेबलचा १ नंबरचा कुंचला काढते, कारण त्याचे टोक टिकते. ड्रायब्रशसाठी तो वापरणे मात्र पाप आहे. बैठकीच्या कडा हिरव्यागार केल्या. आजची फॅशन मातकट तपकिरी किंवा काळ्या कडांची आहे, पण त्या काळातील सिटाडेलच्या पलटणी गॉब्लिन ग्रीन या हिरव्या रंगाच्या बैठकींवर उभ्या असत आणि या मूर्तींना तेच शोभते.

सासूबाई चष्मा लावून बराच वेळ पाहत होत्या. "हे तर आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखंच काम आहे," त्या म्हणाल्या. तुलना त्यांना वाटली त्याहून नेमकी आहे. कुंभारवाड्यातला मावळा हातात घेऊन पाहिला तर भुवया म्हणजे एक फटकारा आणि मिशी म्हणजे दुसरा. पण अंगणातील किल्ल्यावर तो बुरुजाशी उभा केला की उभ्या माणसाच्या नजरेला चेहरा स्पष्ट दिसतो. स्पर्धेसाठी रंगवलेली मिनिएचर भिंगाखाली पाहायची असतात. खेळायची मूर्ती हातभर अंतरावरून पाहिली जाते, आणि त्या अंतरावर रंगाच्या बारीक छटा विरून जातात, उरतो तो उजेड आणि अंधार यांतला ठळक फरक. मी गॉब्लिनच्या डोळ्यांत बाहुल्या काढायचे सोडून दिले ते याच कारणाने.

शेवटी वॉर्निशचे दोन थर द्यायचे आहेत: आधी चकचकीत, कारण तो कठीण असतो आणि बोटांचे घासणे सोसतो, आणि त्यावर मॅट, चकाकी मारण्यासाठी. मॅटचा फवारा दमट हवेत मारला तर मूर्तीवर पांढरट धुके बसते, त्यामुळे पाऊस उघडण्याची वाट पाहणे आले. ज्यांना इंग्लंडची हवा ठाऊक आहे त्यांना हे वाक्य पुढे समजावून सांगायला नको.

रविवार

पट मांडला. मी दुष्ट जादूगार मॉर्कार, माझी मुलगी एल्फ, नवरा बुटका आणि शेजारची दोन भावंडे रानटी योद्धा व जादूगार. सासूबाईंनी नुसते पाहायचे ठरवले होते, पण फासे टाकण्याचे काम त्यांनी कधी आपल्याकडे घेतले ते कळले नाही.

या खेळाच्या फाशांत एक सुंदर पक्षपात आहे. प्रत्येक युद्धफाशावर तीन कवट्या, दोन पांढऱ्या ढाली आणि एक काळी ढाल असते. कवटी म्हणजे घाव; बचावाच्या फाशांवर वीर पांढऱ्या ढालींनी वाचतात आणि राक्षस केवळ काळीने. म्हणजे एकाच फाशाने बचाव करणाऱ्या माझ्या गॉब्लिनला सहात एकदाच बचाव मिळतो, तर वीराला दर फाशामागे सहात दोनदा. हिशेब करून पाहिला: तीन फाशांनी हल्ला करणारा रानटी योद्धा एका हल्ल्यात गॉब्लिनला १६ पैकी १३ वेळा लोळवतो, तर एका फाशाच्या जादूगाराला १२ पैकी ५ वेळाच ते जमते. त्यामुळे राक्षसांना शूर असून भागत नाही, दाराशी गर्दी करून वाट अडवावी लागते. आज मी तसेच केले आणि एल्फला चांगलीच जखमी केली. मुलीने माझ्याशी बोलणे काही काळ बंद ठेवले.

सगळ्यात अधिक मागणी त्या जुन्या लाल कमरपट्ट्याच्या रानट्याला होती. नव्याने रंगवलेल्या ऑर्कांचे कौतुक झाले, पण शेजारच्या धाकट्याला तोच हवा होता, कारण त्याच्या मते तो 'खूप लढलेला' दिसतो. खेळात शिशाचा बुटकाही उतरवला. दाढीत थोडे खड्डे राहिले आहेत, वॉर्निशखाली ते जखमांसारखे दिसतात. तो आता उघड्या धातूच्या फळीवर, इतर सोंगट्यांसोबत राहील, कारण हवा खेळती असली की आम्लाची वाफ साचत नाही. हात लागण्यापूर्वी वॉर्निश शाबूत आहे का ते पाहायचे आणि खेळ संपल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे, एवढी शिस्त मात्र घालून दिली आहे.

पुढच्या मोहिमेत मॉर्कार आपण होणार असे सासूबाईंनी जाहीर केले आहे. नियमांची पुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणून आज रात्री राक्षसांचा तक्ता त्यांना मराठीत लिहून द्यायचा आहे.