हात झोपतो, मी जागी

पहाटे तीनला जाग येते ती हातामुळे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ठार बधीर, जणू दुसऱ्या कुणाची बोटं माझ्या पंजाला जोडलीत. मग उठून बसायचं आणि पाऱ्याचा थर्मामीटर झटकायचे तसा हात झटकायचा. मुंग्या येतात, बोटं हळूहळू परत माझी होतात.

'अंगाखाली आला असेल' म्हणत महिना काढला. सासूबाईंनी तेल चोळून दिलं. शेजारच्या काकूंनी 'वात' म्हणून निकालच लावला. पण ब्लाउजचं हुक लावताना ते चिमटीत आहे की निसटलं, हे आरशात बघितल्याशिवाय कळेना, तेव्हा डॉक्टर गाठले.

त्यांनी आधी करंगळीची चौकशी केली. ती ठणठणीत होती. मग कळलं की अनामिकेच्या मधोमध भाऊबंदकीतल्या शेतासारखा बांध आहे! अंगठ्याकडचं शिवार मनगटातल्या अरुंद बोगद्यातून येणाऱ्या नसेचं, करंगळीकडचं कोपरामागून येणाऱ्या नसेचं. कोपर चौकटीला आपटलं की ब्रह्मांड आठवतं, ती ही दुसरी. माझी पहिली दबली होती. त्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्याही जातात. सूज आली की चेंगरते ती बिचारी नस. गरोदरपणात, थायरॉइड बिघडल्यावरही असं होतं म्हणे. मानेतूनही कळ उतरते.

रक्त तपासायला दिलं: साखर, थायरॉइड, बी-१२. (शाकाहारी म्हटल्यावर बी-१२ आलंच.) बाही वर करायला लावून फिकट, बधीर चट्टा आहे का, तेही बघितलं. कुष्ठरोग अजून गेलेला नाही, आणि त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हे मला तिथंच समजलं.

अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसायला लागला, हातातून कप पडायला लागले, तर थांबू नका म्हणाले. मग एकदम आवाज चढला. "अचानक एका बाजूचा हात बधीर, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, तर तेल चोळत बसायचं नाही! तडक मोठं हॉस्पिटल. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात."

मला मिळाला मनगटाचा पट्टा, रात्री बांधायचा. आत धातूची पट्टी आहे. परवा कूस बदलताना ती यांच्या कपाळावर बसली. सध्या पहाटे तीनला हेही जागे असतात.