तुम्ही विचारलंत म्हणून : यादी आहे, मग पुन्हा टेप कशाला?

गोव्यातली जुनी देवळं, दगड, घरं यांची मोजून नोंद करायला गावात टेप, पाटी आणि कॅमेरा घेऊन उतरलं की तासाभरात प्रश्न येतोच: "सरकारकडे स्मारकांची यादी आहे ना? मग तुम्ही पुन्हा काय मोजता?" विचारणारे कधी देवळाचे महाजन असतात, कधी पंच, कधी आपल्या तालुक्यात हेच काम करू पाहणारी कॉलेजातली मुलं. म्हणून एकदा सविस्तर.

यादी आहे. राज्याच्या १९७८ च्या कायद्याखाली संरक्षित अशी ५१ स्मारकं गोव्यात आहेत. तांबडी सुर्लच्या महादेवासारखी काही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. पण ती यादी संरक्षणाची. तालुक्यात काय काय आहे, याची नव्हे. देवराईत रोयणीला, म्हणजे वारुळाला, टेकवून ठेवलेली गजलक्ष्मी, जिला सत्तरीत केळबाय म्हणतात, तळीच्या काठावरचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), चिऱ्यांत खोदलेली बांव (विहीर), जुन्या घाटवाटेवरची घुमटी, खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या बांधलेल्या शेताचा, मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार), भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरातलं राजांगण (मधलं अंगण), यांतलं बहुतेक कुठल्याच कागदावर नसतं. जीर्णोद्धार ठरला की जुनी मूर्ती नदीत विसर्जित होते आणि चिरे नव्या भिंतीच्या पायात जातात. त्याला आमची हरकत नाही, देऊळ गावाचं आहे. फक्त ते घडण्याआधी मोजमाप व्हावं, एवढंच.

काम टेबलावर सुरू होतं. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा, गावाचा सर्व्हे नकाशा आणि ज्या तुकड्यांबद्दल शंका आहे त्यांचे एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या हक्काचे, उतारे. पण सगळ्यांत जास्त हाती लागतं ते जागांच्या नावांतून. देवळी, पोरणें (जुनं) देऊळ, कोट, तळी अशी नावं शेताला किंवा भाटाला (बागायतीला) असतील आणि तिथे आज देऊळही नसेल, तळंही नसेल, तर तिथे आधी जायचं. नार्व्याचा जैनकोट आणि कुडण्याचा गुजीर ही याची चांगली उदाहरणं: जैन वस्ती गेली, नाव राहिलं आणि नावाखाली अवशेषही राहिले. ही नावं नकाशावर अर्धवट असतात. ती म्हाताऱ्या कुळांकडून, गुरं राखणाऱ्यांकडून घ्यायची आणि गावात म्हणतात तशीच लिहायची. शुद्ध मराठी करायला गेलात की पुढच्या माणसाला ती जागा सापडत नाही.

परवानगी दोन ठिकाणची लागते. जंगलात, विशेषतः म्हादई अभयारण्यात, वनखात्याची. देवळात महाजनांची आणि पुष्कळदा देवाचीही. काही ठिकाणी गुरव कौल लावतो, पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची ते बघतो आणि मगच हो म्हणतो. त्यामुळे वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवावा. गर्भागारात जाऊ देत नाहीत, तर जायचं नाही. बाहेरून चारी बाजू मोजा, आतलं माप पुजाऱ्याच्या हाताने हात आणि वितीत घ्या आणि 'पुजाऱ्याने सांगितलेलं माप' असं लिहा.

जागेवर पोचल्यावर पहिलं काम क्रमांक देण्याचं. तालुका, गाव, अनुक्रमांक. देवळाला ०७ दिला तर त्याच्या तळीला ०७-अ, आवारातल्या वीरगळाला ०७-आ. एकदा दिलेला क्रमांक रद्द झाला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही, कारण जुन्या फोटोंवर तो बसलेला असतो. प्रत्येक जागेचा पहिला फोटो पाटीचा: क्रमांक, तारीख, नाव. संध्याकाळी तीनशे फोटो उघडल्यावर कुठली तळी कुठल्या गावची ते त्या पाटीवरूनच कळतं.

मग जागेचे अक्षांश-रेखांश. मोबाइलचं जीपीएस उघड्यावर तीन ते पाच मीटर चुकतं, देवराईच्या दाट छायेत त्याहून बरंच जास्त. छायेतून बाहेर येऊन वाचन घ्या आणि तिथून वस्तूपर्यंतचं अंतर आणि दिशा लिहा. मात्र खरी मोठी चूक यंत्राची नसते, लिहिणाऱ्याची असते. १५°३०′ म्हणजे साडेपंधरा अंश. ते घाईत कुणी १५.३० असं लिहितो. दशांशात १५.३० म्हणजे १५°१८′. फरक बारा मिनिटांचा, जमिनीवर सुमारे बावीस किलोमीटर. वाळपईच्या आसपासचा वीरगळ कागदावर मडगावच्या रेषेला जाऊन बसतो. म्हणून पूर्ण मोहिमेत एकच पद्धत ठरवायची, शक्यतो दशांश अंश, पाच दशांशांपर्यंत. संध्याकाळी सगळे बिंदू नकाशावर टाकून बघायचे. समुद्रात पडलेला बिंदू लगेच दिसतो. शेजारच्या गावात पडलेला दिसत नाही, म्हणून प्रत्येक बिंदू गावाच्या नावाशी ताडून पाहायचा.

मोजणीला तीन माणसं हवीत: टेपचं शून्य धरणारा, वाचणारा, लिहिणारा. वाचलेला आकडा लिहिणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा. तीस मीटरचा फायबरचा टेप, लेसर मीटर, ओळंबा, होकायंत्र, दहा सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल. शाईचं पेन घामाने फुटतं. टेपचं शून्य नेमकं कुठे आहे ते आधी बघा, काहींचं कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींचं कडीच्या आत पट्टीवर. भिंतीवरचे खण, दारं, खिडक्या एकेक मोजून बेरीज करू नका, दहा मापांत एकेक सेंटिमीटर घसरला तर दहाचा घोळ होतो. टेप एकदाच पसरा आणि कोपऱ्यापासूनचे सगळे आकडे सलग वाचा.

जुनी बांधकामं काटकोनात नसतात आणि नकाशा काढताना हात आपोआप काटकोन काढतो. त्यावर उपाय कर्ण. समजा खोली ४.२० बाय ३.१० मीटर आहे. काटकोनी असती तर दोन्ही कर्ण ५.२२ आले असते. मोजल्यावर एक ५.१५ आणि दुसरा ५.२९ आला, तर खोली तिरकी आहे हे कळलं आणि ती किती तिरकी तेही. ही चार बाजू आणि दोन कर्णांची सहा मापं नसतील, तर घरी बसून कितीही सुंदर नकाशा काढा, तो कल्पनेतला असतो. जागेवरच कच्चा नकाशा पुरा करायचा, "राहिलेलं फोटोवरून बघू" म्हणायचं नाही. साधारण १:५० मध्ये आराखडा आणि खांब, कमान, कोरीव चौकट यांना १:२०. लेसर मीटर खोलीच्या आत उत्तम चालतो. भर उन्हात लाल ठिपका दिसत नाही आणि शेवाळल्या, खडबडीत चिऱ्यावर तो भोकात जाऊन एखादा सेंटिमीटर जास्तच सांगतो.

वीरगळाचं वेगळं. तो खालून वर वाचायचा. तळाच्या पट्टीत लढाई आणि मरण, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश. आपल्याकडे तर कदंब राजांच्या काळातल्या काही वीरगळांवर गलबतं आहेत, पाण्यावरची लढाई. आता अडचण अशी की दगड निम्मा मातीत असतो आणि नेमकी लढाईची पट्टी गाडलेली असते. नवखा माणूस दोन पट्ट्यांचा वीरगळ अशी नोंद करतो. बरोबर नोंद अशी: जमिनीवरची उंची ७२ सें.मी., रुंदी ४१, जाडी १४, दोन पट्ट्या दिसतात, खालचा भाग पुरलेला, खोली मोजलेली नाही. आणि उकरायचं नाही, कितीही मोह झाला तरी. परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही. शिवाय दगड कोणत्या मातीत, किती खोल रुतलाय, हाही पुरावा असतो. तोंड कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रावर बघून लिहा. दगड हलवल्याचं गाव सांगत असेल, तर पूर्वी कुठे होता तेही. शेंदूर, तेल किंवा ऑइल पेंट लावलेला असेल तर खरवडू नका. रंगाखाली अक्षरं असण्याची शक्यता असते आणि खरवडणाऱ्याच्या पात्याला ती ओळखू येत नाहीत.

कातळशिल्पांना तर हातच लावू नये. उसगाळीमळला कुशावतीकाठच्या जांभ्यावर बैल, हरणं, मंडलं कोरलेली आहेत. दुपारी बारा वाजता गेलात तर यातलं निम्मंही दिसत नाही. मग लोक पाणी ओततात, खडूने रेघा ओढतात. जांभा मऊ, तो खडू धरून ठेवतो आणि पुढच्या माणसाला कोरीव रेघ कुठली आणि खडूवाल्याची कल्पना कुठली ते कळत नाही. उपाय फुकट आहे: सकाळी साडेसात किंवा संध्याकाळी साडेपाच. ऊन जमिनीला जवळजवळ समांतर आलं की रेघांत सावली भरते. नाहीतर रात्री टॉर्च जमिनीलगत धरून, एकेका दिशेने एक असे चार फोटो काढायचे. एका दिशेचा प्रकाश त्याच दिशेची रेघ लपवतो, म्हणून चार. त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर प्रत्येक फोटो शेजारच्यावर साठ-सत्तर टक्के चढायला हवा आणि उजेडाची सेटिंग मध्येच बदलता कामा नये.

यानंतर येतो तक्ता, आणि बहुतेक सर्वेक्षणं इथे बुडतात. 'कधीचं?' हा रकाना प्रत्येकाला भरायचाच असतो. आम्ही तीन रकाने ठेवतो: दिसलं ते, सांगितलं ते, आमचा तर्क. तिन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. "हे पांडवांनी एका रात्रीत बांधलं" हे दुसऱ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या नावासकट आणि आदराने. फोंड्याकडे तर देवाचं वय आणि देवळाचं वय हे दोन वेगळे प्रश्न. पोर्तुगीज काळात मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून. म्हणजे दैवत जुनं, इमारत नंतरची, आणि तिच्यापुढचा रंगमंडप त्याहून अलीकडचा असू शकतो. प्रत्येक भागाला स्वतंत्र ओळ द्या.

तारखा फसवतात त्या अशा. शक असेल तर ७८ मिळवा: नार्व्याच्या सप्तकोटेश्वरावरचा शके १५९० म्हणजे इ.स. १६६८, शिवाजी महाराजांच्या आज्ञेचा. पौषानंतरची तिथी असेल तर ७९ मिळवावे लागण्याची शक्यता असते, म्हणून तिथी आणि वार असल्यास तेही उतरवून घ्या. चॅपेलच्या दर्शनी भिंतीवरचं साल पुष्कळदा त्या भिंतीच्या दुरुस्तीचं असतं. कौलांचंही तसंच. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, म्हणजे चपटी मंगळुरी कौलं त्याआधीची असू शकत नाहीत. माळ्यावर चढून मान वर केली की खालच्या बाजूचा शिक्का वाचता येतो. पण कौलं छपराचं वय सांगतात, भिंतीचं नाही. अर्धगोल देशी नळे उतरवून मंगळुरी चढवलेली घरं कितीतरी आहेत. खिडकीत शिंपल्यांच्या चकत्या उरल्या असतील, तर कुठल्या खिडकीत आणि किती ते मोजा. त्या एकेक करून फुटतात आणि त्यांच्या जागी काच बसते.

पडझडीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती सगळीकडे दिसते. चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर पाणी आत येतं तसं बाहेरही जातं. सिमेंटचा चढवला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दोन-चार पावसाळ्यांत चिऱ्याचं तोंड पापुद्र्यांनी सुटतं. वरून भिंत गुळगुळीत दिसते, बोटाने टकटक केलं की पोकळ वाजते. 'स्थिती चांगली' लिहिण्याआधी टकटक करावी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण आणि तारीख लिहावी, अर्थात मालकाला विचारून. पुढच्या वर्षी भेग वाढली का ते खूणच सांगते.

दिवस किती लागतात, हेही विचारता. तिघांचा चमू दिवसात साधी पाच-सहा ठिकाणं नीट करतो, मोठ्या वाड्याला पूर्ण दिवस जातो, आणि जितके दिवस बाहेर तितकेच टेबलावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळा संपल्यासंपल्या गेलात तर गवत आणि शेवाळ यांचेच फोटो मिळतील. नदीतली कामं मात्र उन्हाळ्यावर ठेवायची: म्हाऊसची झर्मे नदीतली शिल्पं पाणी आटल्यावर दिसतात, आणि साळावलीच्या जलाशयाखालचं कुर्डी एप्रिल-मेमध्ये वर येतं.

काम संपल्यावर छापील प्रती तीन: एक पंचायतीत, एक गावच्या शाळेत किंवा देवळाच्या पेटीत, एक पुरातत्त्व खात्याकडे. इंटरनेटवर टाकताना सुट्या मूर्तींचे अचूक अक्षांश-रेखांश काढून टाका, फक्त गावाचं नाव ठेवा, चोरही नकाशा वाचतात. मोजताना नाणी किंवा धातूची वस्तू सापडली तर खिशात नको, जागेचा फोटो काढून मामलेदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा: पुरलेल्या ठेव्यांबद्दलचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे आणि त्यात मर्यादा दहा रुपयांची आहे, त्याहून जास्त किमतीचं काहीही कळवावंच लागतं. आणि प्रत्येक तक्त्याच्या तळाशी एक रिकामी ओळ सोडा, पुन्हा कोण आलं आणि कधी, ते लिहायला.