रेशमी फ्लाय लाइनला जवसाचं तेल: माझा अनुभव

जुन्या रेशमी फ्लाय लाइनला, म्हणजे नकली माशी लावून मासे धरायच्या गळाच्या दोरीला, तेल द्यायचं असेल, तर जून ते सप्टेंबर तेलाचं झाकणही उघडू नका. विलायती कृतींमध्ये ‘एका हाताला (म्हणजे तेलाच्या एका थराला) एक दिवस’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. पुण्यातल्या जुलैत माझा पहिला हात आठव्या दिवशीही बोटाला चिकटत होता. तो राग अजून गेलेला नाही.

लाइन दोन्ही टोकांना निमुळती, 30 यार्ड म्हणजे साधारण 27 मीटर. जुन्या मापात एचडीएच (अक्षरं जाडीची): टोकं 0.025 इंच, मधला भाग 0.045 इंच. जुनं तेल चिकचिकीत होऊन रिळावरचे वेढे एकमेकांना धरून बसले होते. तीन लिटर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा घातला, लाइन रात्रभर भिजवली आणि सकाळी कापडाने पुसली. सगळा चिकटा निघाला. पाणी उकळायचं नाही, कारण तीव्र सोडा रेशीमही खातो. शेवटच्या धुण्यात चमचाभर व्हिनेगर घालायचं आणि तीन दिवस पंख्याखाली पूर्ण वाळवायची. आत ओल राहिली तर वरून तेल बसतं आणि आतून रेशीम कुजतं.

खरं तर या सगळ्याच्या आधी ताकद तपासा. हाताला कापड गुंडाळून हात-हातभर लाइन जोरात ताणून बघा. काळे डाग असतील तिथे जास्त. तुटली तर तेवढ्यावर थांबा, कुजलेल्या रेशमाला इलाज नाही.

तेल रंगाच्या दुकानातलं, डबल बॉइल्ड लिन्सीड. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल घेऊ नका. त्यात ड्रायर, म्हणजे तेल लवकर वाळवणारे पदार्थ, नसतात, ते आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. बरणीत तेल घेऊन लाइन बुडवली आणि बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली, विस्तवावर नाही. बुडबुडे थांबले की तेल आतपर्यंत शिरलं असं समजायचं.

अडलं ते इथून पुढे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. दमट हवेत हे काम फार रेंगाळतं. त्यात थर जाड असला तर वर साय धरते आणि खाली तेल तसंच राहतं. बोटांनी निपटून ‘पुसली’ असं मी समजलो, तिथेच चुकलं. बोटं तेल पसरवतात, काढत नाहीत. उन्हात टाकायचा मोह झाला, पण उन्हाने रेशीम कमजोर होतं. शेवटी टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या कापडाने तेलाचा अख्खा थर पुसून काढला आणि लाइन कोरडी ठेवून पावसाळा संपायची वाट पाहिली.

ऑक्टोबर हीटमध्ये तेच काम सरळ झालं. तेलात थोडं टर्पेंटाइन, मग कोरडं सुती कापड चिमटीत धरून लाइन तीनदा ओढायची. तिसऱ्यांदा कापडावर डाग जवळपास उमटायला नको. मोठ्या वेढ्यांत टांगायची, वेढे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, लागले तिथे चिकटतात. असे सहा हात दिले, प्रत्येकाला दोन दिवस. चिमटीत दाबून सोडल्यावर बोट ओढलं गेलं तर अजून एक दिवस थांबा. तेलाच्या दोन थरांच्या मध्ये लाइन मऊ कापडाने चोळून घ्या.

तेलाची कापडं चोळामोळा करून टाकू नका. ती आतल्या आत तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर दोरीवर पसरून वाळवा.

शेवटच्या हातानंतर दोन आठवडे लाइनला हात लावला नाही. मग म्युसिलिन या ब्रँडचं, लाइन तरंगती ठेवणारं लाल डबीतलं मलम नमद्याच्या तुकड्याने चोळलं. हिरव्या डबीत सिलिकॉन असतं. ते एकदा लागलं की पुढे तेलाचा हात नीट धरत नाही.

रेशीम पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे लाइन तरंगते ती या मलमावर. हिमाचलातल्या तीर्थन नदीसारख्या वाहत्या पाण्यात चार-पाच तासांनी टोक बुडायला लागतं. ओल्या लाइनवर मलम थापून उपयोग नाही. लाइन उलटी करून दुसरं, कोरडं टोक वापरा आणि रात्री सगळी रिळावरून उतरवून खुर्चीच्या पाठीवर सैल वेढ्यांत टाका.