वारा पडलेली पहाट

जानेवारीतल्या त्या बुधवारी पावणेआठ वाजता मी दवाखान्याचे दार उघडले, तेव्हा बाहेरच्या बाकावर तीन रुग्ण माझी वाट पाहत बसले होते आणि तिघांनाही धाप लागली होती. निपाणी तालुक्यातल्या वेदगंगेकाठच्या या गावात मी चौदा वर्षे दवाखाना चालवतो. ऊसतोडीच्या हंगामात खोकल्याचे रुग्ण वाढणे नवे नाही. पण हे तिघेही गावाच्या टोकाला, उसाच्या फडांना लागून असलेल्या एकाच गल्लीतले होते. पासष्टीच्या एक आजी, पाचवीतला एक मुलगा आणि डेअरीला दूध घालून आलेला एक तरुण.

आजींची अवस्था सर्वांत वाईट होती. रक्तातला ऑक्सिजन ९० वर आला होता आणि दोन शब्दांनंतर त्यांना थांबावे लागत होते. त्यांनी आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती. मात्र चाळीस वर्षे जळण आणि तुरकाट्यांच्या चुलीपुढे काढली होती, आणि अशा स्त्रियांच्या श्वासनलिका धूम्रपान करणाऱ्यांसारख्याच अरुंद होऊ शकतात. नेब्युलायझरची वाफ सुरू केल्यावर त्यांच्या पदराच्या घडीत मला एक काळी, वळलेली पट्टी दिसली. उसाच्या पानाची शीर तिच्यात अजून स्पष्ट होती. बोट लागताच तिचे पीठ झाले.

तिघांना आराम पडल्यावर मी रजिस्टर काढले. डिसेंबरपासून त्या एका गल्लीतून अकरा वेळा रुग्ण आले होते आणि प्रत्येक नोंदीपुढे माझ्याच अक्षरात ‘थंडीचा खोकला’ असे लिहिलेले होते. आजींना तर मी दोनदा अँटिबायोटिक दिले होते. ती नोंद वाचताना मला जे वाटले ते विसरता येणार नाही.

सवयीने फोनवर हवेचा निर्देशांक पाहिला. बेळगावची हवा ‘समाधानकारक’ दिसत होती. पण बेळगाव इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर दूर, आणि आपल्याकडे धूलिकणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची शिफारस केलेली मर्यादा १५ वर आणली. पहाटेचे दोन तास गल्ली धुराने भरून गेली आणि उरलेला दिवस स्वच्छ गेला, तर सरासरीत ते दोन तास विरघळून जातात. आजींचा श्वास मात्र त्याच दोन तासांत कोंडला होता.

दुपारी मी त्या गल्लीत गेलो. पलीकडच्या फडातला ऊस तीन दिवसांपूर्वी तुटला होता आणि पाला जळून सऱ्या काळ्या पडल्या होत्या. शेतकरी बांधावरच भेटले. पहाटेच का पेटवला, असे विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, पहाटं वारं पडलेलं असतंय. दुपारी पेटवला तर शेजाऱ्याचा उभा ऊस जाईल की.”

त्यांचे बोलणे खरे होते आणि आजारपणाचे मूळही नेमके तिथेच होते. हिवाळ्यातल्या रात्री जमीन गारठते, तिच्यालगतची थंड हवा खाली साचते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. ऊन तापून ते झाकण उठेपर्यंत धूर घरांच्या उंचीवरच पसरत राहतो. ज्या पडलेल्या वाऱ्यामुळे शेजाऱ्याचा ऊस वाचतो, त्याच पडलेल्या वाऱ्यामुळे गल्लीचा श्वास कोंडतो. त्या माणसाने निष्काळजीपणा केला नव्हता, उलट काळजी घेतली होती. म्हणून त्यांना दोष देऊन परतणे मला पटले नाही.

पाला न पेटवता सरीत ठेवला, कुट्टी करून युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाला कुजवणारे जिवाणू टाकले, तर तो कुजून जमिनीला खत होतो आणि ओलही टिकते, हे त्यांना माहीत होते. अडचण कुट्टी यंत्राच्या भाड्याची आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, पाणी देण्याच्या घाईची होती. ती अडचण माझ्या चिठ्ठीने सुटणारी नाही. ग्रामपंचायतीने यंत्र आणावे म्हणून मी पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, अर्ज दिला आहे आणि पाठपुरावा करत राहणार आहे.

तोवर एवढे ठरवले: कोणाचाही फड पेटणार असेल तर आदल्या संध्याकाळी गावातल्या आशा स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईंना कळवायचे, त्यांनी दम्याच्या आणि जुन्या खोकल्याच्या घरी सांगायचे, त्या सकाळी दहापर्यंत खिडक्या बंद ठेवायच्या, अंगणात शेकोटी करायची नाही आणि इन्हेलर उशाशी ठेवायचा. आजींच्या सुनेला स्वयंपाक गॅसवरच करण्याची विनंती केली. सिलिंडर घरात होता, तो पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता.

नऊ दिवसांनी रात्री साडेआठला फोन वाजला. बांधावर भेटलेले तेच शेतकरी होते. “उद्या पल्याडचा फड पेटवणार हाईत. आशाताईंना सांगितलंय, तरी तुम्हीबी म्हातारीला कळवा.”