तापा म्हणजे झाकण: ग्रानादातल्या तीन संध्याकाळी

काये नावास ही स्पेनमधल्या ग्रानादा शहरातली खाऊगल्ली. पहिल्या संध्याकाळी तिथल्या एका बारमध्ये मी आणि आईने दोन मोस्तो घेतले. मोस्तो म्हणजे द्राक्षाचा रस, त्यात दारू नसते. ग्लासांबरोबर न मागता एक बशीही आली. आई म्हणाली, "अगं, हे आपण सांगितलेलं नाही, परत दे." ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे छोट्या बशीभर खाणं, फुकट मिळतो, हे मी वाचलं होतं. पण त्या बशीत पावावर हामोन होतं, म्हणजे डुकराचं मांस. आई शाकाहारी, त्यामुळे ती बशी माझ्याकडे आली.

'तापा'चा मूळ अर्थ झाकण. डब्याचं, भांड्याचं, कसलंही. माश्या पडू नयेत म्हणून ग्लासावर पावाची किंवा मांसाची चकती ठेवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. उच्चार आपल्या 'ता'सारखाच, 'टापास' नव्हे. 'तापास' हे अनेकवचन. 'तापा' हा पदार्थच नाही, ते प्रमाण आहे. तीच भाजी छोट्या बशीत आली की तापा, त्याहून मोठी मेदिया रासियोन, आणि दोघा-तिघांना पुरेल ती रासियोन. मेनूत किमतीसमोर हे शब्द बघूनच ऑर्डर द्या. सेविया शहरात मात्र तापाचे पैसे लागतात. सान सेबास्तियानला गेलात तर तिथे काडीला टोचलेला पिंचो मिळेल. 'पिंचार' म्हणजे टोचणे.

शाकाहारी असाल तर नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही. हामोन आणि मासे पुष्कळांच्या लेखी 'कार्ने'त येत नाहीत. पेय सांगतानाच म्हणा: 'सोय वेहेतारियाना, सिन हामोन, सिन पेस्कादो' (मी शाकाहारी आहे, हामोन नको, मासे नकोत). पुरुषांनी 'वेहेतारियानो' म्हणावं. दुसऱ्या दिवसापासून आईला बटाटा, ऑलिव्ह, चीज असं काही ना काही मिळत गेलं.

तिच्यासाठी वेगळी मागवलेली बेरेनहेनास कोन मिएल मात्र चुकवू नका. कुरकुरीत तळलेली वांगी, आणि नावात मध असला तरी वरून धरतात ती उसाची काकवी! ग्रानादाच्या दक्षिणेला मोत्रीलच्या किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस होत असे. आईने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "ही आपलीच." तिसऱ्या संध्याकाळी आम्ही दुसरं काही मागवलंच नाही.

दुपारी चारनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात, ती रात्री आठ-साडेआठलाच उघडतात. औषधं जेवणावर घेणारं कुणी बरोबर असेल तर पिशवीत फळं ठेवा.